माइल्स डेव्हिस : सात ध्वनिमुद्रिकांची क्रमवारी



कलावंताच्या कृतींना पहिली, दुसरी, तिसरी असे क्रमांक लावणें हा उद्योग पंडितांच्या दृष्टीनें हलका ठरतो. आंबा श्रेष्ठ कीं फणस श्रेष्ठ, अशा जातीचा तो वाद आहे, असें ते म्हणतात. तथापि ज्यानें एखाद्या गवयावर किंवा वादकावर मनापासून लोभ केला आहे, त्याला हा उद्योग केल्यावांचून राहवत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. त्यांतून तो कलावंत जर दर पांच-सहा वर्षांनीं आपलें बांधलेलें घर मोडून दुसरें उभारणारा असेल, तर क्रम लावणें हा केवळ विरंगुळा राहत नाहीं. आपण त्या माणसाच्या कोणत्या रूपावर प्रेम करतों, आणि त्यानें तें रूप टाकून दिल्यावर आपलें प्रेम टिकतें कीं नाहीं, याची ती परीक्षाच होऊन बसते. आजच्या भाषणांत अमेरिकेंतील कृष्णवर्णीय ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस याच्या ध्वनिमुद्रिकांच्या निमित्तानें मी ही परीक्षा देणार आहें.

प्रथम कसोट्या सांगतों, म्हणजे निकालाविषयीं मतभेद झाला तरी पद्धतीविषयीं गैरसमज राहणार नाहीं. पहिली कसोटी दिशेची : त्या मुद्रिकेनें स्वतः माइल्सपुढें आणि इतरांपुढें एखादी नवी वाट मोकळी केली काय? दुसरी कसोटी पुनःश्रवणाची : नवलाई ओसरल्यावर विसाव्या वेळींहि ती ऐकावीशी वाटते काय? तिसरी कसोटी साथीदारांची : तिच्यांत केवळ नायकच चमकतो, कीं भोंवतालचीं माणसेंहि फुलतात? कारण जाझ ही एकट्याची कला नव्हे. तबलजीनें ठेका धरावा आणि गवयानें गावें, इतकें सोपें तें नातें नाहीं. तेथें प्रत्येकजण क्षणांत गवई आणि क्षणांत साथीदार होत असतो.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. जुन्या, मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटांचें संगीत मावत असे. इ. स. १९४८ मध्यें अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें लाँग प्ले तबकडी बाजारांत आणली आणि एका बाजूवर वीस मिनिटांपेक्षां अधिक संगीत बसूं लागलें. त्यामुळें सुटीं पदें एकत्र बांधून त्यांना एक भाव, एक रचना देतां येऊं लागली. माइल्सची सारी कारकीर्द या लांब तबकडीच्या आयुष्याशीं समांतर चालली. म्हणूनच त्याचीं स्थित्यंतरें मुद्रिकांच्या क्रमानें वाचतां येतात.

माइल्सचा जन्म २६ मे १९२६ रोजीं इलिनॉय संस्थानांतील ऑल्टन या गांवीं झाला. त्याचें बालपण मिसिसिपी नदीकांठच्या ईस्ट सेंट लुइस शहरांत गेलें. वडील दंतवैद्य होते. घरीं सुबत्ता होती. जाझ म्हणजे दारिद्र्याचें गाणें, ही समजूत त्याच्या बाबतींत लागू पडत नाहीं. मात्र संपत्तीनें वर्णभेदाचा डाग पुसला जात नाहीं, हें त्यानें लहानपणापासून अनुभवलें. एल्वुड ब्यूकॅनन नांवाच्या त्याच्या शिक्षकानें त्याला एकच वळण लावलें : सूर थरथरवूं नये, सरळ लावावा. त्या काळच्या ट्रंपेटवादकांना कंपित सुराचा मोह फार. या मुलानें मात्र स्वच्छ, सरळ, किंचित् उदास असा सूर आपलासा केला. पुढें पंचेचाळीस वर्षांत त्याच्या संगीताचें सर्व कांहीं बदललें. हा सूर बदलला नाहीं. हें विधान पुढें उपयोगी पडणार आहे.

१९४४ मध्यें तो न्यूयॉर्कला आला तो नांवाला संगीतविद्यालयांत शिकण्यासाठीं. खरा हेतु चार्ली पार्कर या सॅक्सोफोनवादकाला गांठण्याचा. पार्कर आणि डिझी गिलेस्पी यांनीं त्या वेळीं ‘बीबॉप’ नांवाची अतिजलद आणि गुंतागुंतीची शैली निर्माण केली होती. पुढच्याच वर्षीं हा एकोणीस वर्षांचा मुलगा पार्करच्या शेजारीं उभा राहून ध्वनिमुद्रण करूं लागला. गिलेस्पीच्या तारसप्तकांतील चपळाईशीं स्पर्धा न करतां त्यानें मध्यसप्तकांत राहणें पसंत केलें. दोन स्वरांच्या मधली जागा रिकामी ठेवण्याचें धैर्य त्याच्यापाशीं लहान वयांतच आलें.

पहिलें वळण आलें १९४८-४९ सालीं. न्यूयॉर्कच्या पंचावन्नाव्या पश्चिम रस्त्यावर गिल एव्हन्स या संगीतरचनाकाराची तळघरांतील खोली होती. तेथें तरुण संगीतकार जमत, बोलत, वाद घालीत. त्या बैठकींतून नऊ वादकांचा एक संच उभा राहिला. त्यांत जाझला परकीं वाटणारीं फ्रेंच हॉर्न आणि ट्यूबा हीं वाद्यें होतीं. गोरे आणि काळे वादक एकत्र बसत होते. बीबॉपच्या ज्वालेनंतर हें संगीत चांदण्यासारखें शांत होतें. जानेवारी व एप्रिल १९४९ आणि मार्च १९५० अशा तीन बैठकींत तें मुद्रित झालें. त्या वेळीं त्याचा फारसा बोलबाला झाला नाहीं. १९५७ मध्यें तींच मुद्रणें लांब तबकडीवर एकत्र आणून ‘बर्थ ऑफ द कूल’ या नांवानें प्रसिद्ध झालीं, तोंवर त्या शैलीनें एक सबंध संप्रदाय जन्मास घातला होता.

मधलीं चार वर्षें काळोखाचीं. हेरॉइनच्या व्यसनानें त्याला ग्रासलें. १९५४ च्या सुमारास तो त्यांतून बाहेर पडला, आणि बाहेर पडतांच आपल्याच शांत शैलीच्या उलट दिशेला गेला. ‘वॉकिन’ या मुद्रणांत पुन्हां ब्लूजचा मातकट, ऊबदार रंग आला. १९५५ मध्यें त्यानें जॉन कोल्ट्रेन, रेड गार्लंड, पॉल चेंबर्स आणि फिली जो जोन्स यांना घेऊन पंचक बांधलें. प्रेस्टिज कंपनीशीं झालेला करार पुरा करून त्याला कोलंबियाकडे जावयाचें होतें. म्हणून ११ मे आणि २६ ऑक्टोबर १९५६ या अवघ्या दोन दिवसांत या पंचकानें इतकें वाजविलें कीं त्यांतून पुढें चार मुद्रिका निघाल्या. कराराचें ओझें टाकण्यासाठीं केलेलें काम इतकें ताजें असावें, हें नवल आहे. मैफल रंगलेली असतांना कोणीतरी यंत्र सुरू ठेवावें, तसें तें वाटतें.

याच सुमारास गिल एव्हन्सशीं त्याचा स्नेह पुन्हां फळास आला. ‘माइल्स अहेड’ (१९५७), ‘पोर्गी अँड बेस’ (१९५९) आणि ‘स्केचेस ऑफ स्पेन’ (१९६०) या तीन मुद्रिकांत मोठ्या वाद्यवृंदाच्या मध्यभागीं एकच आवाज, अशी योजना आहे. तिसरीच्या प्रारंभीं स्पॅनिश रचनाकार होआकिन रोद्रिगो याच्या गिटार कन्सर्टोमधील संथ भाग ट्रंपेटसाठीं बांधून घेतला आहे. ‘साएता’ या भागांत अँडालूशियांतील पवित्र सप्ताहाची मिरवणूक उभी केली आहे : दुरून येणारा बँड, तो थांबतो, आणि मिरवणुकींतील मूर्तीला उद्देशून एक एकाकी आर्त आवाज उठतो. स्पेनच्या लोकसंगीतांत वारंवार येणारी स्वरपंक्ति आपल्या भैरवी थाटाला जवळची आहे. मधूनच शुद्ध गंधार डोकावतो इतकेंच. त्यामुळें आपल्या कानाला ही मुद्रिका परकी वाटत नाहीं.

आतां त्या मुद्रिकेकडे येऊं, जिचें नांव जाझ न ऐकणाऱ्यांनींहि ऐकलेलें असतें : ‘काइंड ऑफ ब्लू’. न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरील, मूळच्या चर्चच्या इमारतींत थाटलेल्या कोलंबियाच्या ध्वनिमुद्रणगृहांत २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ या दोन दिवसांत ती मुद्रित झाली. कोल्ट्रेन, कॅननबॉल अ‍ॅडर्ली, बिल एव्हन्स, चेंबर्स, जिमी कॉब, आणि एका रचनेपुरता विंटन केली, असे साथीदार होते. त्यांच्या हातांत लांबलचक लिखित रचना नव्हत्या. थोडक्यांत रेखाटलेले आराखडे होते.

या मुद्रिकेंत नवें काय, हें आपल्या श्रोत्याला पाश्चात्य श्रोत्यापेक्षां लौकर समजतें. तोंपर्यंतच्या जाझमध्यें अनेक स्वर एकदम वाजवून होणारे स्वरमेळ, ज्यांना तिकडे कॉर्ड म्हणतात, दर दोन-चार मात्रांनीं बदलत. वादकाला त्या पायऱ्यांवरून धांवत जावें लागे. माइल्सनें पायऱ्या काढून टाकल्या आणि अंगण दिलें. ‘सो व्हॉट’ या पहिल्या रचनेची चौकट बत्तीस आवर्तनांची आहे : सोळा आवर्तनें एकाच स्वरपंक्तींत, पुढचीं आठ तीच स्वरपंक्ति अर्ध्या स्वरानें वर सरकवून, आणि शेवटचीं आठ पुन्हां मूळ जागीं. ती स्वरपंक्ति आपल्या काफी थाटाची आहे. गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध. अर्थात् थाट म्हणजे राग नव्हे. येथें वादी-संवादी नाहींत, पकड नाहीं, समयाचा नियम नाहीं. परंतु थोड्या स्वरांत दीर्घ काळ राहून त्यांच्यांतूनच अर्थ काढावयाचा, ही वृत्ति आपल्या ओळखीची आहे. ‘फ्लॅमेन्को स्केचेस’ मध्यें तर पांच स्वरपंक्ति ठरविल्या आहेत आणि प्रत्येकींत किती वेळ रमावें हें वादकाच्या मर्जीवर सोडलें आहे.

या मुद्रिकेचे दोन दोषहि सांगितले पाहिजेत. पहिला यंत्राचा : पहिल्या दिवशीं मुख्य यंत्र किंचित् हळू चालल्यामुळें पहिल्या बाजूवरील तीन रचना कित्येक दशकें मूळपेक्षां थोड्या चढ्या सुरांत ऐकूं येत होत्या, १९९० नंतरच्या आवृत्तींत ती चूक दुरुस्त झाली. दुसरा माणसाचा : ‘ब्लू इन ग्रीन’ या रचनेखालीं माइल्सचें नांव छापलें गेलें, ती आपली असल्याचें बिल एव्हन्सनें पुढें सांगितलें, आणि ऐकणाऱ्याला त्याचें म्हणणें पटतें.

१७ ऑगस्ट १९५९ रोजीं ‘काइंड ऑफ ब्लू’ प्रसिद्ध झाली. त्यानंतर आठच दिवसांनीं, २५ ऑगस्टच्या रात्रीं, न्यूयॉर्कच्या ‘बर्डलँड’ या क्लबांत त्याचें वादन चाललें होतें. मध्यंतरांत एका गोऱ्या स्त्रीला टॅक्सीपर्यंत पोंचवून तो दारापाशीं उभा राहिला. बाहेरच्या फलकावर त्याचेंच नांव झळकत होतें. एका पोलिसानें त्याला तेथून हालण्यास सांगितलें. त्यानें आपण येथेंच काम करतों असें सांगून हालण्याचें नाकारलें. आणि त्याच्या डोक्यावर दंडुके बसले. रक्तानें माखलेल्या कपड्यांनिशीं त्याला चौकींत नेलें. पुढें न्यायालयांत तो निर्दोष ठरला. पण ज्या देशानें १९६० नंतर त्याची मुद्रिका घरोघरीं नेली, त्या देशाच्या प्रतिनिधिगृहानें तिच्या पन्नाशीनिमित्त डिसेंबर २००९ मध्यें तिच्या गौरवाचा ठराव केला, तेव्हां तो मनुष्य हयात नव्हता.

येथें कोणताहि दुसरा कलावंत थांबला असता. लोकांना हवें तें सांपडलें होतें. माइल्स थांबला नाहीं. १९६३-६४ मध्यें त्यानें वेन शॉर्टर, हर्बी हॅन्कॉक, रॉन कार्टर आणि टोनी विल्यम्स यांचें दुसरें पंचक बांधलें. विल्यम्स संचांत आला तेव्हां सतरा वर्षांचा होता. वयानें मोठा नायक आपल्याहून लहान साथीदारांकडून शिकत आहे, असें दृश्य या पंचकाच्या मुद्रिकांत ऐकूं येतें. १९६८ मध्यें निघालेल्या ‘नेफर्टिटी’च्या शीर्षक-रचनेंत तर मांडणी उलटी केली आहे : ट्रंपेट आणि सॅक्सोफोन एकच धून पुनःपुन्हां वाजवीत राहतात, आणि विस्तार करतात ते पियानो, बास आणि ड्रम. जणूं गवयानें अस्ताई धरून ठेवावी आणि तबल्यानें गावें. मोठ्या माणसानें मागें सरून इतरांना जागा देण्याचा इतका स्पष्ट नमुना मला दुसरा माहीत नाहीं.

आणि मग १९६९ सालचा १८ फेब्रुवारी. त्या दिवशीं ‘इन अ सायलेंट वे’ मुद्रित झाली. एकाच वेळीं तीन वादक विजेच्या पियानो-ऑर्गनसारख्या वाद्यांवर : हॅन्कॉक, चिक कोरिया आणि मूळचा व्हिएन्नाचा जो झाविनुल. इंग्लंडहून नुकताच आलेला जॉन मॅक्लॉक्लिन गिटारवर. शीर्षकाची धून झाविनुलची. माइल्सनें तिच्यांतील बहुतेक स्वरमेळ काढून टाकले आणि तंबोऱ्याच्या षड्जासारख्या एका स्थिर स्वरावर ती धून ठेवली. पहिल्या बाजूवर विल्यम्ससारखा वादळी ड्रमवादक सबंध अठरा मिनिटें केवळ झांजेचा बारीक ठेका धरून बसतो. निर्माता टीओ मॅसेरो यानें फीत कापून-जोडून मुद्रिकेला आकार दिला. दोन्ही बाजूंचा प्रारंभीचा भाग त्यानें शेवटीं तसाच पुन्हां जोडला आहे. शुद्धतावाद्यांना ही कापाकापी म्हणजे अप्रामाणिकपणा वाटला. मला तो धृपदाच्या पुनरावृत्तीसारखा वाटतो : तेच स्वर, पण मधला प्रवास ऐकून आलेल्या कानाला ते तेच राहत नाहींत.

त्याच वर्षाच्या ऑगस्टांत मुद्रित होऊन १९७० मध्यें आलेली ‘बिचेस ब्रू’ ही दुहेरी मुद्रिका अधिक गाजली, अधिक खपली. रॉक संगीताच्या तरुण श्रोत्यांपुढें माइल्स वाजवूं लागला, आणि जुने चाहते म्हणूं लागले कीं यानें पैशासाठीं आपली कला विकली. या आरोपाचें उत्तर १९७२ च्या ‘ऑन द कॉर्नर’नें दिलें. जेम्स ब्राउन व स्लाय स्टोन यांचा नाचता ठेका, जर्मन रचनाकार स्टॉकहाउझेनच्या कल्पना, आणि त्यांच्या जोडीला आपला तबला आणि सतार, असें हें मिश्रण. तबला वाजविणारा बादल रॉय मूळचा पूर्व बंगालमधील कुमिल्ला येथला. कृष्णवर्णीय तरुणांनीं आपलें ऐकावें, या हेतूनें माइल्सनें ही मुद्रिका केली. समीक्षकांनीं ती झोडपली, आणि ज्यांच्यासाठीं केली त्यांनींहि तेव्हां फारशी घेतली नाहीं. ज्याला कला विकावयाची आहे तो असला माल बाजारांत नेत नाहीं. पुढें हिप-हॉप आणि विजेच्या वाद्यांवरील नृत्यसंगीत यांचा उदय झाल्यावर तिच्यांतील अखंड फिरणारें चक्र लोकांना उमगूं लागलें.

येथें हिंदुस्थानी संगीताशीं आलेला संबंध थोडा स्पष्ट केला पाहिजे. ‘ऑन द कॉर्नर’मधील तबला-सतार म्हणजे आपल्या रागसंगीताचा अभ्यास नव्हे, तेथें तीं वाद्यें रंगासाठीं आणि घर्षणासाठीं आहेत. परंतु माइल्सच्या बैठकींतून निघालेल्या मॅक्लॉक्लिननें तो अभ्यास पुढें खरोखर केला. १९७५ च्या सुमारास त्यानें व्हायोलिनवादक एल. शंकर आणि मुंबईचे तबलावादक झाकिर हुसेन यांच्यासह ‘शक्ति’ हा संच उभा केला, त्याचें मूळ शोधूं गेल्यास या वाटेवर यावें लागतें.

१ फेब्रुवारी १९७५ रोजीं जपानांतील ओसाका येथें दुपारीं एक आणि संध्याकाळीं एक असे दोन जलसे झाले; त्यांच्याच ‘आगार्ता’ आणि ‘पँजिया’ या मुद्रिका. त्याच वर्षीं शरीर आणि मन दोन्ही थकून माइल्सनें वाद्य खालीं ठेवलें. सुमारें पांच वर्षें तो अज्ञातवासांत होता. १९८१ मध्यें परत आला तो पुन्हां नव्या वेषांत. मायकेल जॅक्सन आणि सिंडी लॉपर यांचीं त्या दिवसांतलीं लोकप्रिय गाणीं तो ट्रंपेटवर वाजवूं लागला. १९८६ मध्यें मार्कस मिलर यानें बहुतांशीं यंत्रवाद्यांवर रचलेली ‘टुटू’ आली. दक्षिण आफ्रिकेंतील डेस्मंड टुटू यांचें नांव तिला दिलें होतें.

साऱ्या आयुष्यांत त्यानें एक हट्ट पाळला होता : मागें फिरून जुनें वाजवावयाचें नाहीं. तो हट्ट त्यानें ८ जुलै १९९१ रोजीं स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथें सोडला. क्विन्सी जोन्सच्या दिग्दर्शनाखालीं, तीन वर्षांपूर्वीं दिवंगत झालेल्या गिल एव्हन्सच्या जुन्या रचना त्यानें पुन्हां वाजविल्या. सूर पातळ झाला होता, कांहीं कठीण जागा दुसऱ्या ट्रंपेटवादकानें संभाळल्या. त्यानंतर तीन महिन्यांच्या आंत, २८ सप्टेंबर १९९१ रोजीं, तो वारला. हिप-हॉप संगीतकारासह अपुरी राहिलेली ‘डू-बॉप’ ही मुद्रिका त्याच्या मागें १९९२ मध्यें निघाली. म्हणजे मृत्यूच्या आधीं मागें वळून पाहणारा हा मनुष्य त्याच वेळीं पुढेंहि चाललेला होता.

क्रम सांगण्यापूर्वीं एक गोष्ट दडवून ठेवणें योग्य नव्हे. हा मनुष्य घरीं सज्जन नव्हता. १९६१ च्या एका मुद्रिकेच्या वेष्टणावर त्याची पत्नी, नर्तकी फ्रान्सिस टेलर, हिचें सुंदर छायाचित्र आहे. तिच्यावर आपण हात टाकला, हें त्यानें स्वतःच १९८९ च्या आत्मचरित्रांत लिहून ठेवलें आहे. संगीताच्या माधुर्यानें तें कृत्य धुऊन निघत नाहीं. मी येथें क्रम लावतों तो मुद्रिकांचा, माणसाचा नव्हे.

आतां निकाल. सातव्या क्रमांकावर ‘टुटू’. साठीच्या माणसानें तरुणांच्या यंत्रांत शिरून आपला एकाकी सूर जिवंत ठेवला, हें तिचें यश. पण तिसऱ्या कसोटीला ती कमी पडते. यंत्र प्रत्युत्तर देत नाहीं. सहाव्या क्रमांकावर ‘बर्थ ऑफ द कूल’. तिनें वाट दाखविली खरी, पण तीन मिनिटांच्या तबकडीच्या मापांत बसविलेल्या तिच्या रचना फुलण्याच्या आंत संपतात. पांचव्या क्रमांकावर ‘स्केचेस ऑफ स्पेन’ : सौंदर्य अपार, मात्र तें गिल एव्हन्सचें तितकेंच आहे, आणि वृंदांतील वादकांना लिहिलेलें वाजवण्यापलीकडे वाव थोडा.

चौथ्या क्रमांकावर मी ‘ऑन द कॉर्नर’ ठेवतों. पुष्कळांना ही जागा फार वरची वाटेल. ती मुद्रिका गोड नाहीं. तिला सम नाहीं असें प्रथम वाटतें. परंतु दिशेच्या कसोटीवर तिच्याइतकी पुढें पाहणारी दुसरी नाहीं, आणि गैरसमज सोसण्याची तिची तयारी मला आदरणीय वाटते. तिसऱ्या क्रमांकावर ‘नेफर्टिटी’, वर सांगितलेल्या त्या औदार्यासाठीं.

दुसऱ्या क्रमांकावर ‘काइंड ऑफ ब्लू’, आणि पहिल्यावर ‘इन अ सायलेंट वे’. येथें माझें जगाशीं भांडण आहे, म्हणून कारण नीट सांगतों. तिन्ही कसोट्यांना या दोन्ही मुद्रिका सारख्याच उतरतात. फरक चौथ्या गोष्टीचा आहे, आणि तीच या कलावंताचें मर्म आहे. ‘काइंड ऑफ ब्लू’मध्यें बदल आधींच पुरा झालेला आहे, घर बांधून, सारवून, रांगोळी घालून तयार आहे, आपण फक्त आंत जावयाचें. ‘इन अ सायलेंट वे’मध्यें मनुष्य उंबरठ्यावर आहे. मागें जुनें पंचक, पुढें विजेचा कल्लोळ, आणि मध्यें एक स्थिर स्वर. त्यावर ट्रंपेट येते ती तीच, ब्यूकॅननच्या वर्गांतली, सरळ, न थरथरणारी. सर्व बदललें तरी काय बदलणार नाहीं, हें त्या एका प्रवेशांत ऐकूं येतें. ज्यांनीं माइल्सच्या शैलीवर प्रेम केलें त्यांना तो वारंवार सोडून गेला. ज्यांनीं त्याच्या सुरावर प्रेम केलें त्यांना त्यानें कधींच सोडलें नाहीं. कलावंतानें आम्हांला आवडलेल्या जागींच बसून राहावें, असा हक्क आपण रसिक मंडळी नकळत सांगत असतों. तो हक्क किती पोकळ आहे, हें मला या मुद्रिकेनें शिकविलें.

ज्यांना हा प्रवास नव्यानें करावयाचा आहे, त्यांनीं मात्र माझ्या क्रमानें ऐकूं नये. श्रेष्ठतेचा क्रम निराळा आणि प्रवेशाचा क्रम निराळा. आरंभ ‘काइंड ऑफ ब्लू’नें करावा, तोहि रात्रीं, दिवे मंद करून. मग ‘स्केचेस ऑफ स्पेन’. त्यानंतर ‘नेफर्टिटी’, ती पहिल्या दिवशीं कळली नाहीं तर आठवड्यानें पुन्हां लावावी. तेथून ‘इन अ सायलेंट वे’ला पोंचावें आणि एका बैठकींत दोन्ही बाजू ऐकाव्या. ‘ऑन द कॉर्नर’ सर्वांत शेवटीं, आणि घरांत वडीलधारीं माणसें झोंपलेलीं नसतांना.